लॅपटॉप मध्येच का अडखळतो?

[चांगला चालणारा लॅपटॉप अधूनमधून मंद होतो आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत चालू लागतो, हा अनुभव पुष्कळांना येतो. असे का होते, त्यात संगणकाच्या 'कर्नल'चा वाटा कोणता आणि या दोषाचा तपास कसा करावा, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.]

मित्रांनो, तुम्ही अंधेरीला राहत असा, बोरिवलीला, मुलुंडला किंवा घाटकोपरला. ही अडचण तुमच्या ओळखीची असेल. घरात लॅपटॉप एकच असतो. सकाळी आपाच्या कॉलेजचे काम, दुपारी अब्बांच्या दुकानाचा हिशेब आणि रात्री तुमचा शाळेचा प्रकल्प, सारे त्याच्यावरच चालते. दहावीचा निकाल लागला, की अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. मुंबई परिसरात ही पद्धत २००९ साली सुरू झाली. अर्जाची मुदत संपायला अर्धा तास उरला आहे आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप अडखळतो! पडद्यावरचा बाण हलत नाही, अक्षरे उमटत नाहीत, आतला पंखा घरघरू लागतो. पाच-दहा मिनिटांनी तोच लॅपटॉप, काही घडलेच नाही अशा थाटात, चालू लागतो.

जो दोष सतत असतो तो सापडायला सोपा. जो येतो आणि जातो तो मात्र फसवा. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच ताप उतरावा, तसे होते. दुकानात नेलेला लॅपटॉप तेथे अगदी झकास चालतो. मग अंदाज सुरू होतात. कोणी म्हणते, "जुना झाला, नवा घ्या." कोणी म्हणते, "फॉरमॅट करून टाका." नवा घ्यायचा तर हजारो रुपये लागतात. फॉरमॅट करायचा तर आत साठवलेले सारे पुसले जाते. प्रकल्प जातो, हिशेब जातो, घरच्या लग्नाचे फोटोही जातात. आणि एवढे करूनही दोष तसाच राहिला तर? म्हणून आधी कारण शोधावे आणि मग उपाय करावा. त्यासाठी संगणकाच्या आत कोणाचा कारभार चालतो, ते समजून घेऊ.

संगणकाची दोन अंगे असतात. हाताला लागते ते यंत्र : प्रोसेसर, स्मृती, डिस्क, कळफलक, पडदा. दुसरे अंग म्हणजे आज्ञावल्या. आपण वापरतो ते ब्राउझर, लेखनाची किंवा चित्रांची साधने, या सगळ्या आज्ञावल्याच होत. परंतु या आज्ञावल्या यंत्राला थेट हात लावत नाहीत. मध्ये कार्यप्रणाली असते. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही कार्यप्रणालींची नावे. या कार्यप्रणालीचा अगदी आतला भाग म्हणजे कर्नल.

हा सैन्यातला कर्नल नव्हे बरे का! इंग्रजीत कर्नल म्हणजे फळाच्या किंवा बीच्या आतला गाभा. बदाम फोडला की आतून मगज निघतो ना, तोच. 'मगज' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि तुमच्या उर्दूतही तो 'मग्ज़' म्हणून आहे. तेव्हा कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा मगज, हे तुम्हांला सहज लक्षात राहील.

हा मगज करतो काय? घाटकोपर-मुलुंड मार्गावरच्या लोकलगाड्या आठवा. धीम्या गाड्या, जलद गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या अशा सगळ्या मोजक्याच रुळांवरून धावतात. कोणती गाडी आधी सोडायची आणि कोणती थांबवायची, हे नियंत्रण कक्ष ठरवतो. प्रवाशाला नियंत्रण कक्ष कधी दिसत नाही, पण त्याच्यावाचून एकही गाडी हलत नाही. संगणकातही तसेच. आज्ञावल्या पुष्कळ आणि प्रोसेसर एक. म्हणून कर्नल प्रत्येक आज्ञावलीला सेकंदाचे काही हजारावे भाग एवढाच वेळ देतो आणि लगेच दुसरीला पुढे बोलावतो. ही अदलाबदल इतक्या वेगाने होते, की सारी कामे एकाच वेळी चालली आहेत असे आपल्याला वाटते. स्मृतीची वाटणी करणे, डिस्कवरून माहिती आणणे, कळफलकाचा निरोप पोहोचवणे, हीही कामे कर्नलचीच.

आता कुर्ल्याला सिग्नल बिघडला, तर मुलुंडच्या प्रवाशाला काय दिसते? गाडी आली नाही, एवढेच. तो मोटरमनवर चिडतो. मोटरमन बिचारा सिग्नलची वाट पाहत उभा असतो. लॅपटॉपचेही असेच आहे. ब्राउझर अडला की आपण ब्राउझरला दोष देतो. तो मात्र कर्नलच्या हुकमाची वाट पाहत असतो. म्हणून दोष दिसतो तेथेच तो असेल, असे समजू नये.

मग तो कोठे आहे हे पाहायचे कसे? त्यासाठी प्रत्येक कार्यप्रणालीत एक खिडकी असते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून 'टॉप' ही आज्ञा द्या. मॅकमध्ये 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर' उघडा. कोणते काम प्रोसेसरचा किती टक्के वेळ घेत आहे, याची यादी समोर येते. लॅपटॉप मंद झालेला असतानाच ही यादी पाहायची. तो पूर्ववत झाल्यावर पाहून उपयोग नाही.

यादीत सर्वांत वर ब्राउझरचे किंवा एखाद्या खेळाचे नाव असेल, तर प्रश्न त्या आज्ञावलीचा आहे. ती बंद करा, काम भागेल. परंतु कधी कधी वर अनोळखी नावे दिसतात. विंडोजमध्ये 'सिस्टिम' किंवा 'सिस्टिम इंटरप्ट्स', मॅकमध्ये 'कर्नल टास्क', लिनक्समध्ये 'केस्वॅपडी' किंवा 'केवर्कर'. लिनक्समधल्या या नावांचे पहिले अक्षर 'के' आहे. हा 'के' म्हणजे कर्नल. ही नावे वर आली, की समजावे, कारभारी स्वतःच कामात गुंतला आहे. तो का गुंतला, हे आता शोधायचे. याची नेहमीची कारणे चार.

पहिले कारण स्मृतीची टंचाई. तुमच्या अभ्यासाच्या टेबलावर चार वह्या मावतात. पाचवी हवी असेल, तर एक उचलून कपाटात ठेवावी लागते. तीच पुन्हा हवी झाली की दुसरी ठेवून ती आणावी लागते. संगणकाची स्मृती म्हणजे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. स्मृती भरली, की कर्नल तिच्यातला मजकूर थोडा थोडा करून डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. लिनक्समध्ये स्मृतीत जागा मोकळी करण्याचे हे काम 'केस्वॅपडी' पाहते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एक गोष्ट शोधून आणायला स्मृतीच्या मानाने सुमारे एक लाख पट वेळ लागतो. आता विचार करा, स्मृती चार गिगाबाइट आणि ब्राउझरमध्ये उघडी पाने वीस! कारभाऱ्याचा सारा वेळ कपाटाच्या फेऱ्यांतच जातो. काही पाने बंद केल्याबरोबर लॅपटॉप हलका झाला, तर कारण हेच. शक्य असल्यास स्मृती वाढवावी, किंवा हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. सगळा लॅपटॉप बदलण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

दुसरे कारण उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालची खोली कशी तापते, हे तुम्ही जाणताच. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला, तर त्याच्या पोटाखालची हवेची वाट बंद होते. पंख्यात धूळ साचलेली असेल, तर आणखीच वाईट. प्रोसेसर फार तापला तर तो खराब होईल. म्हणून प्रोसेसर आणि कर्नल मिळून कामाचा वेग मुद्दाम कमी करतात. मॅकमध्ये तर 'कर्नल टास्क' हे नाव यादीत एकदम वर चढते. लोकांना वाटते, हाच सारा वेळ खातो आहे. खरे तर ते तापलेल्या प्रोसेसरवर इतर कामांचा भार पडू नये म्हणून त्याचा वेळ अडवून धरत असते. म्हणजे ज्याला आपण चोर समजलो, तो पहारेकरी निघाला! लॅपटॉप कठीण, सपाट टेबलावर ठेवा. जड काम थांबवा. पंधरा मिनिटांनी वेग परत आला, तर पंखा साफ करून घेण्याची वेळ झाली आहे असे समजा.

तिसरे कारण घंटेचे. शाळेत शिपाई ऑफिसबाहेर बसलेला असतो. घंटा वाजली की हातातले काम टाकून तो आत जातो. संगणकाला जोडलेली उपकरणेही कर्नलला अशीच घंटा देतात. कळ दाबली गेली, घंटा. वाय-फायवरून माहिती आली, घंटा. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. प्रत्येक घंटेला कर्नल हातातले काम टाकून उत्तर देतो. आता एखादे उपकरण बिघडले, किंवा ते चालवणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती सदोष असली, तर सेकंदाला हजारो खोट्या घंटा वाजू लागतात. शिपाई नुसता आत-बाहेर करतो, काम काहीच होत नाही. विंडोजमध्ये 'सिस्टिम इंटरप्ट्स'चा आकडा एरवी एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या आसपास असतो. तो बराच वेळ खूप वर राहिला, तर हाच संशय घ्यावा. पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर, चार्जर एकेक करून काढून पाहावे. कोणते काढल्यावर आकडा खाली येतो, ते टिपून ठेवावे. नंतर त्या उपकरणाचा ड्रायव्हर नवा करून पाहावा.

चौथे कारण सर्वांत फसवे. ते म्हणजे कर्नलमध्येच राहिलेली चूक. कर्नल माणसांनीच लिहिलेला असतो. लिनक्सचेच पाहा. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हा कर्नल लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. आज जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात. तुमच्या घरातल्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही हाच कर्नल आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि तिच्यात बहुधा दहा हजारांहून अधिक बदल असतात. इतक्या बदलांत एखादी चूक राहून जाणे अशक्य नाही. घडलेलीच एक गोष्ट सांगतो.

एएमडी या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये एक सुरक्षा-भाग असतो. गुप्त किल्ल्या सांभाळणे आणि त्यांच्यासाठी कोणालाही ओळखता येणार नाहीत असे यादृच्छिक आकडे पुरवणे, हे त्याचे काम. हा भाग कधी कधी मदरबोर्डवरच्या एका मंद चिपशी बोलत बसतो आणि तेवढा वेळ सारा संगणक खोळंबतो. आवाज तुटतो, बाण थबकतो आणि क्षणभराने सारे पूर्ववत होते. विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या. मार्च २०२२ मध्ये कंपनीने दोष मान्य केला आणि त्यावर बायोसची सुधारित आवृत्ती देऊ केली.

पण गोष्ट येथे संपली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सची ६.१ ही आवृत्ती आली. ती या सुरक्षा-भागाकडून यादृच्छिक आकडे वारंवार मागू लागली. झाले! तीच अडखळ आता लिनक्सवर सुरू झाली. कर्नल लिहिणाऱ्यांनी आधी ठरावीक सदोष रूपांपुरती ही मागणी बंद केली. तरीही तक्रारी येतच राहिल्या. अखेर २०२३ मध्ये स्वतः टॉरवाल्ड्स यांनीच मत दिले, की ही सोय सरसकट बंद करावी. त्याप्रमाणे एएमडीच्या या सुरक्षा-भागाकडून आकडे घेणे थांबवण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये निघालेल्या ६.५ या आवृत्तीत ही दुरुस्ती होती.

या गोष्टीत दोष प्रथम कोणाला दिसला? मोठ्या तज्ज्ञांना नव्हे. तो घरी बसून काम करणाऱ्या सामान्य माणसांना दिसला. त्यांनी 'संगणक बिघडला' एवढेच म्हणून सोडून दिले असते, तर दुरुस्ती कशाची करायची हे कोणालाच कळले नसते.

दहा हजार बदलांतून एक चुकीचा बदल शोधायचा कसा, असे तुम्ही विचाराल. त्याची युक्ती सोपी आहे. समजा, घाटकोपरहून मुलुंडपर्यंत एक तार गेली आहे आणि ती मध्ये कोठेतरी तुटली आहे. तुम्ही विक्रोळीपासून एकेक स्टेशन तपासत जाणार नाही. आधी मधल्या कांजूरमार्गला पाहाल. तेथपर्यंत वीज येत असेल, तर दोष पुढे, म्हणजे भांडुप, नाहूरच्या बाजूला. नसेल, तर मागे, विक्रोळीच्या बाजूला. एका तपासात अर्धा मार्ग सुटला. कर्नलचे बदलही असेच अर्धे अर्धे करून तपासतात. दहा हजार बदल असले, तरी चौदा तपासांत चुकीचा बदल हाती लागतो. वहीवर करून पाहा.

घरी तुम्हांला एवढे करावे लागत नाही. लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारात नव्या कर्नलबरोबर आधीचा कर्नलही राखून ठेवलेला असतो. लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या यादीतून जुना कर्नल निवडता येतो. जुन्यावर अडखळ नाही आणि नव्यावर आहे, असे दोन-तीन दिवस दिसले, तर चूक कोठे आहे ते कळले. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत जुन्यावर काम चालवावे.

याचा अर्थ सुधारणा घेणेच बंद करावे, असा मात्र नाही. ३ जानेवारी २०१८ रोजी 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या नावांचे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले. मेल्टडाउनमुळे एखाद्या लबाड आज्ञावलीला कर्नलच्या स्मृतीतली गुपिते वाचता आली असती. हे टाळण्यासाठी कर्नलने आपली स्मृती वेगळ्या पडद्याआड नेली. प्रत्येक वेळी पडदा ओलांडायचा म्हणजे थोडा वेळ जाणारच. त्यामुळे काही संगणक, विशेषतः जुने, थोडे मंदावले. पण दाराला कुलूप लावायला वेळ लागतो, म्हणून कोणी दार उघडे टाकून जात नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते पाहू.

प्रथम, काही कारण नसतानाही, महत्त्वाच्या गोष्टींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. अर्ज, प्रकल्प, हिशेब, फोटो यांची एक प्रत लॅपटॉपबाहेर असलीच पाहिजे.

नंतर एक वही घ्या. लॅपटॉप अडखळला की तारीख आणि वेळ लिहा. तेव्हा काय चालू होते? चार्जर लावलेला होता की नव्हता? लॅपटॉप गरम होता का? यादीत सर्वांत वर कोणाचे नाव होते आणि किती टक्के? किती मिनिटांनी पूर्ववत झाला? अशा पाच-सहा नोंदी झाल्या, की त्यांच्यात काहीतरी सारखेपणा दिसू लागतो. दर वेळी चार्जर लावल्यावरच होते, किंवा अर्धा तास व्हिडिओ पाहिल्यावरच होते. हा सारखेपणाच तुम्हांला कारणापर्यंत नेतो.

मग उपाय करा, पण एका वेळी एकच. पंखा साफ केला, ड्रायव्हर बदलला आणि स्मृतीही वाढवली, असे एकाच दिवशी केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. हकीमसाहेब एकाच दिवशी दहा औषधे देत नाहीत. एक बदल करावा, दोन दिवस पाहावे, वहीत लिहावे आणि मग पुढचा करावा.

एवढे करूनही दोष राहिला, तर दुकानात जरूर जा. पण वही बरोबर न्या. "भाई, लॅपटॉप मध्येच हळू होतो," असे सांगितले, तर कारागीर अंदाजच करणार. "चार्जर लावला, की दहा मिनिटांनी सिस्टिम इंटरप्ट्सचा आकडा वर चढतो, चार्जर काढला की उतरतो," असे सांगितले, तर तो आधी चार्जरच तपासेल. तुमचे पैसे वाचतील, त्याचा वेळ वाचेल आणि घरातले फोटोही सुखरूप राहतील.

ज्यांना या विषयाची गोडी लागेल, त्यांना फार दूर जायला नको. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधोमध पवई आहे. तेथे १९५८ साली आयआयटी मुंबई ही संस्था स्थापन झाली. तेथे प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे यांनी कार्यप्रणालींवर लिहिलेली पुस्तके देशभरातल्या महाविद्यालयांत अभ्यासली गेली आहेत. याच संस्थेच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य ऐकायला मिळतात.

मित्रांनो, यंत्र कधी उगाच रुसत नाही. ते मंद झाले, तर त्याला कारण असतेच. कधी ते थकलेले असते, कधी तापलेले असते, कधी त्याला खोट्या घंटा ऐकू येत असतात, तर कधी त्याच्या कारभाऱ्याचेच चुकलेले असते. दोष येऊन जातो. वहीतली नोंद मात्र राहते. पुढच्या वेळी लॅपटॉप अडखळला, तर त्याला थापट्या मारू नका. वही उघडा आणि घड्याळाकडे पाहून पहिली ओळ लिहा.

शब्दार्थ

अडखळणे - मध्येच थांबत थांबत चालणे
पूर्ववत - पहिल्यासारखे
आज्ञावली - संगणकाला दिलेल्या हुकमांची मालिका, प्रोग्रॅम
गाभा - आतला मुख्य भाग, मगज
कारभारी - व्यवस्था पाहणारा
टंचाई - कमतरता
यादृच्छिक - कोणताही क्रम किंवा नियम नसलेला
खोळंबणे - वाट पाहत थांबून राहणे
आवृत्ती - (येथे) सुधारून काढलेले नवे रूप
सरसकट - सगळे मिळून, अपवाद न करता

वाक्प्रचार

गोडी लागणे - आवड निर्माण होणे
गुण येणे - उपायाचा उपयोग होणे
हाती लागणे - सापडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) कर्नल म्हणजे काय?
(२) लिनक्स कर्नल लिहायला कोणी व कधी सुरुवात केली?
(३) लॅपटॉप गादीवर का ठेवू नये?
(४) आयआयटी मुंबई कोठे आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) येणारा-जाणारा दोष सापडायला कठीण का असतो?
(२) 'ज्याला आपण चोर समजलो, तो पहारेकरी निघाला,' असे लेखक कशाबद्दल म्हणतो?
(३) एका वेळी एकच उपाय का करावा?
(४) रायझन प्रोसेसरच्या गोष्टीत सामान्य माणसांनी कोणती कामगिरी केली?

प्र. ३. जोड्या जुळवा.
'अ' गट : (१) स्मृती (२) डिस्क (३) इंटरप्ट (४) कर्नल
'आ' गट : (अ) घंटा (आ) नियंत्रण कक्ष (इ) टेबल (ई) कपाट

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(१) दोष दिसतो तेथेच तो असेल, असे ______ नये.
(२) वहीतली ______ मात्र राहते.
(३) दहा हजार बदल असले, तरी ______ तपासांत चुकीचा बदल हाती लागतो.

प्र. ५. शब्दांची गंमत.
मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूत त्याला 'शिकायत' म्हणतात. उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी किंवा तेच तेच पुन्हा होणे. मराठीत 'अंदाज' म्हणजे तर्क. उर्दूत त्याला 'अंदाज़ा' म्हणतात, तर 'अंदाज़' म्हणजे ढब. 'तक्रार' आणि 'अंदाज' हे शब्द मराठी अर्थाने वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. पाठातील 'हुकूम', 'दुरुस्ती', 'हिशेब' या शब्दांची उर्दू रूपे शोधा.

प्र. ६. पुढील वाक्ये भूतकाळात लिहा.
(१) लॅपटॉप पूर्ववत चालू लागतो.
(२) कर्नल हातातले काम टाकून उत्तर देतो.
(३) प्रवासी मोटरमनवर चिडतो.

उपक्रम

घरातील किंवा शाळेतील एका संगणकाचे आठवडाभर निरीक्षण करा. पाठात सांगितल्याप्रमाणे नोंदी ठेवा. त्यांतील सारखेपणा शोधून आठ-दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.